भिंतीतला जोड

भिवंडीतल्या नारपोलीत एखादं काम पक्कं आहे हे सांगायचं तर लोक म्हणत, "जब्बारचा पाइप आहे, बघायला नको." मग ते काम विजेचं असो, सोयरिकीचं असो, नाहीतर पालिकेतल्या एखाद्या सहीचं असो. पूर्वी हे ऐकून वायरमन जब्बारची छाती दोन इंच फुगायची. अलीकडे मात्र कुणी असं म्हटलं की तो चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागे. चष्मा स्वच्छच असे.

२००६ च्या मे महिन्यातला गुरुवार. जब्बार सकाळी चहात पाव बुडवत होता, तेवढ्यात दौलतशेठच्या घरून फोन आला. फोनवर दौलतशेठची बायको, कमळवहिनी. आतल्या खोलीतला पंखा मधेच दमतो, मधेच पळतो. संध्याकाळी लेकीची, उन्नतीची हळद आहे, चारशे माणूस येणार. तेवढं बघून जा, जब्बारभाई.

"पंखा का दमतो?" सईदाने विचारलं. सईदा त्याची बायको. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला विजेतलं एवढंच कळलं होतं, की नवऱ्याने पाव अर्धा टाकला तर काहीतरी मोठं आहे.

"जुना असेल."

"परवा तुम्हीच तर नवा लावलात."

जब्बारने पाव अर्धा टाकला आणि पिशवी उचलली.

दौलतशेठची इमारत त्याच्या बापाने, केसरीनाथने, अठ्ठ्याऐंशी साली बांधलेली. भाताची जमीन होती, तिच्यावर ही चार मजल्यांची पेटी उभी राहिली. तळाला बावीस यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा, कारखाना, पहिल्या मजल्यावर घरची माणसं, वरचे दोन मजले भाड्याने. लूम चालू असले की इमारत अंगात आल्यासारखी थरथरायची. पहिल्या मजल्यावर टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला तासाभरात या कडेकडून त्या कडेला चालत जाई. पडायच्या आत कुणीतरी जाता-येता त्याला मागे आणून ठेवी. नव्या पाहुण्याला ते बघून घाम फुटे. घरच्या माणसांना उलट लूम थांबले की झोपेतून जाग येई.

त्या इमारतीची सगळी वीज जब्बारच्या हातची. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता, हाताला आणि जिभेला धार होती. आणि आता लग्नाच्या निमित्ताने, पंधरा दिवसांपूर्वी, पहिल्या मजल्याच्या सगळ्या वायरी बदलण्याचं कामही त्यालाच मिळालं. दुसऱ्या कुणाला बोलवायचा विचारसुद्धा त्या घरात कुणी केला नसता.

हे काम खरं तर सोपं. पाइप कशासाठी घालतात? त्याचे उस्ताद सांगायचे, वायर कधी उघडी भिंतीत गाडायची नाही, पाइपात घालायची. वीस वर्षांनी वायर म्हातारी झाली की एका तोंडातून तिला ओढायचं आणि तिच्याच शेपटीला बांधून नवी आत पाठवायची. म्हातारी बाहेर, नवरी आत, भिंतीला पत्ता लागत नाही. फक्त एक करायचं नाही. पाइपाच्या पोटात जोड मारायचा नाही. जोड मारायचा तर डब्यात, जिथे झाकण उघडून बघता येतं. "पाइप कबरीसारखा असतो, बेटा," उस्ताद म्हणायचे. "आत ठेवलेलं पुन्हा दिसत नाही. म्हणून आत फक्त पाक चीज ठेवायची."

पंधरा दिवसांपूर्वी एकेका पाइपाने शहाण्या मुलासारखी वायर सोडली. स्वयंपाकघर झालं, बाहेरची खोली झाली. राहिला शेवटचा पाइप: खाली कारखान्यातल्या मीटरपासून भिंतीतून वर येणारा, आतल्या खोलीच्या बोर्डापर्यंतचा, सगळ्या घराची वीज आणणारा. त्याची वायर दोन वीत आली आणि अडली. जब्बारने जोर लावला. मग आतून पोलादी स्प्रिंग सरकवली, अडलेल्या पाइपाला साफ करतात ती. स्प्रिंग बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला रुईचा करडा गोळा होता, म्हाताऱ्या बाईच्या फणीतला गुंता असावा तसा. पाइपाचं खालचं तोंड कारखान्यात उघडं होतं. अठरा वर्षं बावीस लूमची उडालेली रुई त्यातून वर चढत होती. ते तोंड लांबी भरून बंद करायचं राहिलं होतं. कुणाचं राहिलं होतं हे विचारायला नको.

पण वायर रुईने अडली नव्हती. ती का अडली हे जब्बारला माहीत होतं. अठ्ठ्याऐंशी साली दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती, केसरीनाथशेठ दर तासाला येऊन "झाला का रं?" विचारत होते, वायरचं रीळ चार हात आधी संपलं आणि दुकानदार स्वतःच कुठल्यातरी लग्नाला गेलेला. जब्बारने पिशवीतला एक उरलेला तुकडा वळून जोडला, टेप गुंडाळली आणि तो जोड पाइपाच्या पोटात ओढून घेतला. पहिला जोड असा नाइलाजाने झाला. वरच्या दोन मजल्यांच्या पाइपातले पुढचे दोन सवडीने झाले. एकदा चालून गेलं की माणसाला नाइलाज लागत नाही.

तोच जोड आता पाइपात आडवा बसला होता. भिंत फोडणं हाच उपाय. भिंतीला नवा रंग लागला होता, आणि दौलतशेठ म्हणाले होते, "जब्बारभाई, रंगाला हात लावू नका हां." एवढं निमित्त त्याला पुरलं. त्याने जुनी वायर तशीच आत सोडली, दोन्ही टोकांना डब्यात नवी जोडली आणि स्वतःला सांगितलं, लग्न होऊ दे, मग बघू. त्या म्हाताऱ्या वायरवर त्याने नवा एसीही चढवला. पाहुण्या आत्याबाया दोन दिवस आधीच आल्या होत्या आणि त्यांनी तो एसी एक मिनिट बंद केला नव्हता. गावाकडे पंखा मिळणंच भाग्य, इथे फुकटचं काश्मीर.

तो जिना चढला तेव्हा आठ वाजले होते. लूम चालू होते. कठड्यावरचा हात मनगटापर्यंत झिणझिणत होता.

"आलास का रं जब्बार? बस. च्या पितंस?" दारातच जानकीबाई बसल्या होत्या, केसरीनाथची विधवा, ऐंशीला टेकलेली, पाठीचा कणा अजून सरळ. पुढ्यात सुपात तांदूळ.

"आधी पंखा बघतो, काकी."

"बग. पन चपला भायर काढ, आत देवक बसलाय."

आतल्या खोलीत भिंतीशी देवक मांडलं होतं. पाट, त्यावर कलश, आंब्याची डहाळी, सूप, आणि शेजारी समई. वर छताला गुलाबी चुण्याचुण्यांचं कापड ताणलेलं, झालरी, कागदाची फुलं. आणि हे सगळं नेमकं त्याच भिंतीला टेकून.

जब्बारने पंख्याकडे पाहिलंही नाही. दारातच त्याला वास आला. वायर जळते तो वास त्याला झोपेतसुद्धा ओळखू येई, डोळ्यांत जाणारा, कडू. हा तो नव्हता. हा मऊ होता, ओळखीचा, घरगुती. समई फुंकर घालून विझवली की वातीतून जी धुराची रेघ निघते, तिचा.

"समई विझली होती का, वहिनी?" त्याने मागे उभ्या असलेल्या कमळला विचारलं.

कमळ शेलार गावची, पन्नाशीला आलेली. लग्नघरातली ती एकटीच बाई अशी होती जिने अजून नवी साडी नेसली नव्हती, कारण तिला कामं होती. "नाही. परवापासून अखंड आहे. मीच तेल घालते. पण वास येतो ना? आत्याबाई म्हणाल्या देवकापाशी वास यायचाच."

जब्बारने भिंतीला तळवा लावला.

भिंत कोमट होती. आजारी मुलाच्या कपाळाइतकी. डावीकडे सरकवला, थंड. उजवीकडे, थंड. वीतभर रुंदीचाच एक पट्टा, कमरेच्या वर, छातीच्या खाली.

"ती ऊब हाय देवकाची," दारातून जानकीबाई म्हणाल्या. "काल रातीच मी हात लावला. माझा सासरा सांगायचा, देवक मनापासून बसला की भित जागी होते."

"जागी झालीय खरी," कमळ हळूच म्हणाली. "मी कालपासून उन्नतीचा ओला परकर तिथे लावून वाळवतेय. तासात कडक."

कुणीतरी हसलं. जब्बारने हसण्याचा प्रयत्न केला. मग त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि कोमट पट्ट्याच्या वरच्या टोकाला नव्या रंगावर एक छोटी आडवी रेघ मारली. बोर्डाकडे जाऊन घराचा मेन बंद केला. खाली कारखान्यात जाऊन या घराच्या मीटरचं कटआउटच, फ्यूजचा चिनी मातीचा ठोकळा, उपसून खिशात घातलं. म्हणजे आता त्या पाइपात वीज नव्हती. आता भिंत निवायला हवी.

नऊ वाजता लोडशेडिंगची वेळ झाली आणि अख्ख्या नारपोलीची वीज गेली. बारापर्यंत नसणार होती. बावीस लूम एकेक करत नाही, सगळे एकदम थांबले. असं थांबणं कानाला नव्हे, पोटाला कळतं. टेबलावरचा पेला अर्ध्या वाटेत उभा राहिला.

त्या शांततेत जब्बार देवकासमोर मांडी घालून बसला. आत्याबायांना वाटलं, मुसलमान असून किती भाव आहे बघा. तो भिंतीकडे बघत होता. साडेनऊला तो उठला, तळवा लावला.

भिंत निवली नव्हती. आणि ऊब रेघेच्या वर गेली होती. चार बोटं.

त्याने दुसरी रेघ मारली. ती तिरकी आली.

कापसाच्या गावात जन्मलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. भिवंडीत गोदामं जळतात ती भडकून नाही. एखाद्या गठडीच्या पोटात ठिणगी निजते, तीन-तीन दिवस धुमसते, वरून गठडी थंड, पांढरी, निष्पाप. कुणीतरी ती उचलतो, हवा लागते आणि मग पळायला वेळ उरत नाही. त्याच्या जोडाने ठिणगी टाकली होती. आता तिला विजेची गरज नव्हती. ती रुई खात खात पाइपातून वर चालली होती, सावकाश, गोगलगाईसारखी. वर, छतापाशी, पाइप जिथे डब्यात उघडत होता त्या डब्याचं झाकण लाकडी होतं. झाकणाला टेकून गुलाबी कापड होतं. आणि पाइपाच्या खालच्या तोंडाशी बावीस लूम आणि कापडाचे तागे.

दहाला तिसरी रेघ. आता ती त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आली होती.

"दौलतशेठ," तो बाहेर येऊन म्हणाला, "भिंत उघडावी लागेल. आत्ता."

दौलतशेठ मांडववाल्याशी झुंबरावरून भांडत होते. पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी, मनाने मऊ आणि आवाजाने मोठा माणूस. "काय उघडायची? भिंत? आज? येडा झालास का जब्बारभाई?"

"आत रुई धुमसतेय."

हे ऐकून जानकीबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. गुडघ्यांवर हात देत, सावकाश, पण उठल्या. "काय बोललास?"

"काकी, पाइपात रुई भरलीय. ती पेटलीय. पाइपावरच्या विटा काढतो, पाइप कापतो, पाणी सोडतो. तासाचं काम."

"देवक बसलाय," जानकीबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही; त्या घरात तो चढवायची गरज कधी पडली नव्हती. "देवक बसला की पोरीची पाठवनी होयेपरत या घराला खिला पन लागत न्हाय. माझे सासूनं कधी लावू दिला न्हाय. माझ्या नणंदेच्या लग्नान कुनी खुंटी ठोकली होती. बारा म्हैन्यान ती रांडाव झाली. तुला ठाव हाय."

जब्बारला ठाऊक होतं. अख्ख्या नारपोलीला ठाऊक होतं.

"मग लग्न झाल्यावर कर ना," दौलतशेठ म्हणाले. "वीज बंदच ठेवू घराची. जनरेटर आणतो मी. परवा फोड काय फोडायची ती."

"परवापर्यंत ती वर पोचेल."

"बंब बोलवू?"

"बंबवालाही आधी भिंतच फोडणार."

"हळदीच्या दिवशी दारान बंब!" एक आत्या कळवळली.

"आन् कापूस काय आपोआप पेटतो?" जानकीबाईंनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. म्हातारीचे डोळे पिकलेले होते, पण नजर सुईसारखी. "अठरा वर्सां रुई व्हती ना आत? तवा न्हाय पेटली ती? काम तर तुजाच हाय. आमचे म्हातारे मरताना बोलले व्हते, जब्बारच्या पाइपाला शंभर वर्सां बघाया नको. मग आज काय झाला? तुला भिंत गरम लागली, मला पन लागली. तू म्हनतंस आग, मी म्हनतंय देवक. तुझा खरा कशावरना?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळच होतं, फक्त ते अठरा वर्षं भिंतीत होतं.

लूम बंद होते. ते चालू असते तर माणूस काहीही पुटपुटला असता आणि अर्धं विरून गेलं असतं. आता घरात इतकी शांतता होती की स्वयंपाकघरात कुणीतरी लसूण सोलत होतं त्याची सालं ऐकू येत होती. जब्बारने चष्मा काढला. पुसला नाही. हातातच धरला, म्हणजे समोरचे चेहरे धूसर झाले आणि बोलणं जरा सोपं गेलं.

"कारण त्या भिंतीत माझा जोड आहे, काकी."

"म्हंजी?"

"वायर कमी पडली होती. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी. मी पाइपाच्या आत जोड मारला. मारायचा नसतो. कारखान्यातलं तोंडही मीच उघडं सोडलं. पंधरा दिवसांपूर्वी मला कळलं होतं की वायर अडलीय, तरी मी तशीच ठेवली आणि वर तुमचा एसी लावला. तो जोड तापला. आग माझी आहे. देवकाची नाही."

मांडववाला, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तो जमिनीकडे बघू लागला. संध्याकाळपर्यंत हे साऱ्या नारपोलीत पोचवायचं काम त्याच्याच नशिबी होतं. कमळने पदराने तोंड झाकलं. त्या भिंतीखाली ती उन्नतीला घेऊन दोन रात्री निजली होती.

जानकीबाई भिंतीपाशी गेल्या. तीन रेघा बघितल्या. खालच्या रेघेवर हात ठेवला, मग मधल्या, मग टाचा उंचावून वरच्या. पहिल्या रेघेपाशी भिंत आता गार पडायला लागली होती. वरच्या रेघेवरून त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"ऊब चालत न्हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "देवकाची ऊब जाग्यावर ऱ्हाते."

मग वळून म्हणाल्या, "छिन्नी आन."

"आये!" दौलतशेठ म्हणाले.

"तू गप. जब्बार, छिन्नी माझ्या हातान दे. पयला घाव मी घालतंय. दोष लागायचा तर म्हातारीला लागल, पोरीला न्हाय. मी तशी पन रांडावच हाय, माझा आनखी काय करल?"

त्यांनी आधी देवकाला हात जोडले. काय पुटपुटल्या ते कुणाला कळलं नाही. कलश आणि डहाळी कमळच्या ओंजळीत दिली. पाट, सूप, समई आत्याबायांनी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. मग म्हातारीने छिन्नी भिंतीला टेकवली, जब्बारने ती खालून धरून दिली, आणि हातोडीचा एक घाव पडला. लहान मुलाने मारावा तसा. पण नव्या रंगाला एक तडा गेला.

"घे," जानकीबाईंनी हातोडी त्याच्या हातात कोंबली. "आन् येक आयक. तुला शिव्या मी नंतर देनार हाय. भरपूर."

पुढचं काम जब्बारने डोळे मिटून केलं असतं तरी चाललं असतं. दौलतशेठला त्याने खाली पाठवलं: पाइपांची खालची तोंडं ओल्या मातीने लिंपून टाका, हवा वर यायची बंद करा, तागे बाहेर काढा. कमळने गुलाबी कापड दोन हातांनी ओढून फाडलं, झालरीसकट, आणि बालदी घेऊन उभी राहिली. गिलावा पडला, मग विटा. आत लोखंडी पाइप. तीन पाइप, एकमेकांना चिकटून, एक या घराचा आणि दोन वरच्या मजल्यांचे. या घराच्या पाइपावर जब्बारने ओलं गोणपाट टाकलं तेव्हा ते चर्रर वाजलं.

त्याने वरच्या रेघेच्याही वर, हेक्साने, लोखंड कापायच्या करवतीने, पाइप कापला. पातं आरपार गेलं आणि फटीतून आत हवा शिरली. क्षणभर आत एक लाल डोळा उघडला. इतका छोटा की कुणाला वाटलं असतं, बांगडीची काच चमकली. मग त्याने श्वास घेतला आणि जीभ बाहेर काढली, वीतभर लांब, पिवळी. कमळ किंचाळली नाही. तिने बालदी ओतली.

वाफ निघाली. वातीचा वास सगळ्या घरात भरला. काळी, चिकट रुई पाण्याबरोबर भिंतीवरून ओघळत खाली आली, आणि जब्बारने पुन्हा पुन्हा पाणी सोडलं, खालचं टोक कापून तिथूनही सोडलं, शेवटी पाणी स्वच्छ वाहीपर्यंत. मग त्याने चिमट्याने वायर ओढली. आता ती निमूट आली. मधोमध जोड होता. टेप नव्हती, तांबं नव्हतं, एक काळा, वेडावाकडा खडा होता फक्त. जानकीबाईंनी तो मागितला, तळहातावर घेतला, आणि उलटसुलट करून बघितला.

"येवढासा," त्या म्हणाल्या. मग मान वर केली. "येवढाच मारला व्हता ना? का आनखी हायत?"

जब्बारच्या हातात अजून ओलं गोणपाट होतं. उत्तर द्यायच्या आधी त्याने भगदाडात हात घातला आणि शेजारच्या पाइपावर ठेवला. तिसरा गार होता. दुसरा, मधला, दुसऱ्या मजल्याला जाणारा, गार नव्हता. या घराच्याच पाइपाने तापला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. चिकटूनच तर आहेत. मग त्याने हात जितका वर जाईल तितका वर घातला, छताला लागेपर्यंत, जिथे या घराचा पाइप कधी तापलाच नव्हता. तिथे मधला जास्त गरम होता.

"वरती दोन आहेत, काकी."

"जा मग. माझ्या तोंडाकडं काय बगतंस?"

तो जिना चढला. मागे कमळ, भरलेली बालदी घेऊन, तिच्यामागे दौलतशेठ, कोपरापर्यंत मातीने भरलेले. दुसऱ्या मजल्यावर हमजा, त्याची बायको जोहा आणि दोन पोरं राहायची. हमजा गोदामात हिशेबनीस होता.

दाराला कुलूप होतं.

"गावी गेलेत," कमळ धापा टाकत म्हणाली. "दहा दिवस झाले. सुट्टीत. जाताना जोहा सांगून गेली, फ्रिज चालू ठेवलाय, भाभी, जरा लक्ष ठेवा. मी खालूनच लक्ष ठेवलं."

जब्बारने हात खिशात घातला. खिशात कटआउट होतं, पण ते पहिल्या मजल्याचं. वरच्यांचं काढायचं त्याला सकाळी सुचलं नव्हतं.

बाराला पाच कमी होते, पण त्या दिवशी वीज वेळेआधी आली. चांगल्या गोष्टी वेळेआधी येतात तेव्हा असंच होतं. खाली बावीस लूम एकदम सुरू झाले. जिना थरथरला, कठडा थरथरला, बालदीतलं पाणी गोल गोल शहारू लागलं. बंद दारामागे हमजाच्या फ्रिजने एक उसासा टाकला आणि तो गुणगुणू लागला.

जब्बारने दाराशेजारच्या भिंतीला तळवा लावला. भिंत थरथरत होती. तळवाही थरथरत होता. गरम काय आणि गार काय, काही कळेना. त्याने पेन्सिल काढली, पण रेघ कुठे मारायची ते समजेना, म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि कुलपाच्या भोकाशी नाक नेलं.

फुंकर घालून विझवलेल्या वातीचा वास आला. मऊ, ओळखीचा, घरगुती.

हमजाच्या घरात कधीच कुणी समई लावली नव्हती.

"दौलतशेठ," जब्बार न वळता म्हणाला, "खाली पळा. सगळी कटआउट उपसा, लूम थांबवा, माणसं बाहेर काढा. बंबाला फोन लावा. आणि वहिनी, बालदी माझ्याकडे द्या, तुम्ही वरच्या मजल्याचं दार वाजवा."

त्याने छिन्नी कुलपाच्या कडीत घातली आणि हातोडी उचलली.